फोटो छोटा, बोलबाला मोठा!

खिशात राणी, पाकिटात सेनापती आणि दिवाणखान्यातल्या अल्बममध्ये बिशप, नटी, पैलवान, प्रोफेसर असे सगळे एकाच रांगेत! १८६०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या घराघरांत हेच चाललं होतं. छोटे छोटे पोर्ट्रेट फोटो जमवायचे, एकमेकांना द्यायचे, दुकानातून विकत आणायचे आणि पाहुणा आला की अख्खा अल्बम त्याच्या मांडीवर ठेवायचा.

या फोटोंचं नाव ‘कार्त द व्हिजित’. जुन्या वस्तू जमवणारी मंडळी त्यांना लाडाने ‘सीडीव्ही’ म्हणतात. आणि त्यांच्या वेडाला तेव्हा नाव पडलं होतं ‘कार्टोमेनिया’! त्याच वेडातले हे एकाहून एक भन्नाट किस्से. चला, उघडा अल्बम!

एक काच, आठ पोझ

माहीत आहे का, या सगळ्या धमालीच्या मुळाशी एक पेटंट आहे? २७ नोव्हेंबर १८५४ रोजी पॅरिसचा फोटोग्राफर आंद्रे-आदोल्फ-यूजेन दिस्देरी याने ते मिळवलं. आयडिया साधी, पण जबरदस्त. कॅमेऱ्याला चार लेन्स लावायच्या आणि मागची काच सरकवायची. आधी अर्ध्या काचेवर चार फोटो, मग उरलेल्या अर्ध्या काचेवर चार. एकाच काचेवर आठ फोटो तय्यार! छापा, कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा.

साइज? फोटो साधारण ५४ बाय ८९ मिलिमीटर, पुठ्ठा ६४ बाय १०० मिलिमीटर. म्हणजे पत्त्याच्या पानापेक्षा जरासा उंच. आणि हा साइज सगळ्यांना सारखा. सम्राट असो की शिंपी, कार्ड तेवढंच! त्यामुळे पॅरिसचं कार्ड लंडनच्या अल्बममध्ये बसायचं आणि लंडनचं न्यूयॉर्कच्या.

दर ऐका. पॅरिसमध्ये एका मोठ्या पोर्ट्रेटला ५० ते १०० फ्रँक मोजावे लागत. दिस्देरी डझनभर कार्डं देत असे सुमारे २० फ्रँकमध्ये. मग काय, स्टुडिओच्या जिन्यावर गर्दीच गर्दी!

एक गाजलेली गोष्ट अशी, की १८५९ मध्ये इटलीच्या युद्धावर निघालेल्या तिसऱ्या नेपोलियनने भर रस्त्यात फौज थांबवली आणि दिस्देरीकडे फोटो काढून घेतला. इतिहासकार या गोष्टीला दंतकथा मानतात. पण अशी दंतकथा ज्याच्या नावावर तयार होते, त्याची हवा किती असेल!

आणि शेवट? पेटंट हातात असूनही सगळ्या जगाने आयडिया बिनधास्त उचलली. लाखो फ्रँक कमावणारा दिस्देरी १८८९ मध्ये गरिबीत वारला.

अंडी, चांदी आणि चक्क सोनं!

माहीत आहे का, हे फोटो अंड्यांपासून बनायचे? खरंच! कागदावर मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर द्यायचा, वाळवायचा, मग त्यावर चांदीचं रसायन. वर निगेटिव्हची काच ठेवून कागद उन्हात ठेवला की फोटो आपोआप उमटत जायचा. उन्हाशिवाय छपाई नाही. ढग आले की धंदा बसला!

आता आकडा ऐका. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका कारखान्याने १८८८ साली असा १८,६७४ रीम कागद तयार केला. एका रीमला २७ डझन अंडी. करा गुणाकार! वर्षाला ६० लाखांहून जास्त अंडी, आणि तीही एकाच कारखान्यात.

मग पिवळ्या बलकाचं काय? तो कातडी कमावणाऱ्यांकडे आणि बेकरीवाल्यांकडे जायचा. इंग्लंडमध्ये तर फोटोग्राफरांसाठीच्या प्रकाशनात उरलेल्या बलकाच्या चीजकेकची रेसिपी छापून आली होती. आधी फोटो खेचा, मग केक खा!

आणि सोनं? फोटोचा रंग छान जांभळट-तपकिरी दिसावा आणि तो टिकावा म्हणून छापलेला कागद सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवत. म्हणजे जुन्या अल्बममधल्या त्या फिकट चेहऱ्यावर चांदीही आहे आणि कणभर सोनंही. सोन्यासारखी माणसं म्हणतात, ती अशी!

हलाल तर हुकाल

स्टुडिओ बहुतेकदा सगळ्यात वरच्या मजल्यावर का असायचा? कारण विजेचे दिवे नव्हते आणि छताला काच हवी होती. नटूनथटून, धापा टाकत चार जिने चढायचे आणि वर पोचलं की पुतळ्यासारखं उभं राहायचं. एक्स्पोजर काही सेकंदांचं, तेवढ्यात मान हलली की चेहरा धूसर.

त्यासाठी एक लोखंडी स्टँड असायचा. त्याचा चिमटा मानेला मागून आधार द्यायचा. नीट पाहिलं तर कित्येक फोटोंत बुटांच्या मागे त्या स्टँडचे पाय डोकावतात. आता एक मोठ्ठा गैरसमज फोडू या. हा स्टँड मेलेल्या माणसाला उभं करून फोटो काढायला वापरत, असं इंटरनेटवर बिनदिक्कत सांगतात. साफ चूक! निर्जीव देह पेलायची ताकद त्या चिमट्यात नव्हतीच. स्टँड दिसला, म्हणजे समोरचा माणूस जिवंत होता आणि हलत होता याचाच तो पुरावा.

तान्ह्या बाळाला कोण गप्प बसवणार? आईच! पण फोटो हवा एकट्या बाळाचा. मग आईच्या अंगावर चादर नाहीतर पडदा टाकायचा आणि तिच्या मांडीवर बाळ. आई झाली खुर्ची! जमवणारे या फोटोंना ‘लपलेली आई’ म्हणतात आणि शोधून शोधून गोळा करतात.

आणखी एक गंमत. त्या काळातली ओलं रसायन लावलेली निगेटिव्हची काच निळ्या रंगाला लगेच भुलायची आणि लालकडे ढुंकूनही बघायची नाही. त्यामुळे निळा झगा फोटोत पांढरा, लाल झगा काळा आणि गोऱ्या गालांवरचे पुसट वांग ठसठशीत! कोणत्या रंगाचे कपडे घालून यावं, हेही गिऱ्हाइकांना सांगावं लागे.

आणि मागचा सेट? कागदाच्या लगद्याचे खांब, रंगवलेले बगीचे, झालरीचे पडदे. संगमरवरी दिसणारा भारदस्त खांब थेट गालिच्यावर उभा! त्या काळच्या टीकाकारांनी यावरून स्टुडिओवाल्यांना भरपूर चिमटे काढले. गिऱ्हाइकं मात्र खूश. वाण्याच्या दुकानातला नोकरसुद्धा पाच मिनिटांसाठी महालात!

राणीसाहेबांचा छंद लई भारी

माहीत आहे का, खुद्द व्हिक्टोरिया राणी या कार्डांची शौकीन होती? १८६०च्या ऑगस्टमध्ये फोटोग्राफर मेयॉलने राजघराण्याच्या १४ कार्डांचा ‘रॉयल अल्बम’ विक्रीला आणला, तोही राणीच्या परवानगीने. सिंहासनावरची राणी पहिल्यांदाच दुकानात, सुट्टे पैसे टाकून मिळू लागली. घराघरात राणी!

राणी स्वतःही जमवायची. तिच्या पदरी असलेल्या एलिनॉर स्टॅनली या बाईंना लंडनभरच्या बड्या घरच्या बायकांना पत्रं लिहून त्यांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे फोटो मागवावे लागत. एका फोटोसाठी राणीला कोणीही विकत घेऊ शकेल, असं या बाईंनी लिहून ठेवलंय. बघा, वेड कोणालाच सोडत नव्हतं.

डिसेंबर १८६१ मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला. त्यानंतर एका आठवड्यात त्याच्या ७०,००० कार्डांची मागणी एका लंडनच्या कंपनीकडे आली, असं सांगतात. अख्ख्या देशाने आपलं दुःख अल्बममध्ये लावलं.

आणि सुपरहिट कोणतं? राजघराण्याची सून अलेक्झांड्रा, पाठीवर छोट्या लुईझला घेतलेली. डाउनी बंधूंनी काढलेल्या या फोटोच्या ३ लाख प्रती खपल्याचं सांगतात. मुकुट नाही, हिरे नाहीत. आई आणि पाठुंगळीला लेक. बस्स, सगळे फिदा!

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे लाडकी ‘सिसी’, हिचा छंद आणखी हटके. तिने जगभरच्या सुंदर बायकांचे फोटो जमवायचं ठरवलं. १८६२ मध्ये परदेशातल्या ऑस्ट्रियन राजदूतांना तसं कळवलं आणि हे गंभीर चेहऱ्याचे मुत्सद्दी सुंदऱ्यांचे फोटो शोधत हिंडू लागले! तिचे १८ अल्बम आणि सुमारे २,००० फोटो आज जर्मनीत कोलोनच्या लुडविग म्युझियममध्ये आहेत. आणि स्वतः सिसी? तिशी ओलांडल्यावर ती कॅमेऱ्यासमोर यायचंच टाळू लागली. तोंडासमोर पंखा धरायची!

शोकेसमध्ये सगळे शेजारी

लंडनच्या दुकानांच्या काचेत तेव्हा बिशपच्या शेजारी नटी आणि मंत्र्याच्या शेजारी बदनाम सुंदरी अशी कार्डं बिनधास्त मांडलेली असत. काही जणांच्या भुवया उंचावल्या, पण फुटपाथवरची गर्दी काही हटली नाही. १८६०च्या दशकात एकट्या इंग्लंडमध्ये वर्षाला ३० ते ४० कोटी कार्डं खपत, असा एक अंदाज आहे.

कामिय सिल्वी हा लंडनमधला फ्रेंच फोटोग्राफर म्हणजे क्लास आदमी! त्याच्या स्टुडिओत सुमारे १७,००० सिटिंग झाली आणि प्रत्येकाची नोंद वहीत, फोटोसकट. त्या वह्या आजही लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. त्यात सारा फोर्ब्स बोनेटाही दिसते. पश्चिम आफ्रिकेत गुलामीतून सुटलेली ही मुलगी व्हिक्टोरिया राणीच्या मायेखाली वाढली. १८६२ मध्ये तिचं लग्न झालं आणि सिल्वीने तिचे झोकदार फोटो काढले.

अमेरिकेत १० फेब्रुवारी १८६३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक लग्न गाजलं. नवरदेव चार्ल्स स्ट्रॅटन उर्फ ‘जनरल टॉम थंब’, नवरी लॅव्हिनिया वॉरन. दोघांचीही उंची तीन फुटांच्या आसपास आणि दोघेही स्टेजवरचे बडे स्टार. तेव्हा देशात यादवी युद्ध पेटलेलं होतं, पण लोकांनी या जोडप्याची कार्डं भराभर उचलली. उंची कमी, पण खपाने गाठली उंची!

कात्री लावा, बदक बनवा

फोटोशॉप आत्ताचं, असं वाटतंय? थांबा! १८६०-७०च्या दशकांत इंग्लंडच्या उच्चभ्रू बायका ही कार्डं कापायच्या, डोकी वेगळी करायच्या आणि हाताने रंगवलेल्या चित्रांवर चिकटवायच्या. केट गॉफ हिच्या अल्बममध्ये तर तळ्यात पोहणाऱ्या बदकांना माणसांचे चेहरे आहेत! हा अल्बम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. कोणाचं डोकं कुठे लावायचं, हे पूर्णपणे बाईसाहेबांच्या हातात.

दिस्देरीही मागे नव्हता. त्याने एकाच कार्डावर शेकडो चेहऱ्यांची गर्दी बसवून दाखवली. आणि पॅरिसच्या ऑपेरातल्या नर्तिकांचं एक कार्ड काढलं, ज्यावर चेहरे नाहीतच, आहेत फक्त पाय! प्रेक्षकांना हवं काय, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

कॉलर टाइट, इलेक्शन फाइट

माहीत आहे का, एका फोटोने अब्राहम लिंकनचं नशीब पालटायला हातभार लावला? २७ फेब्रुवारी १८६०. न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन या संस्थेत लिंकन यांचं भाषण होतं. त्याच दिवशी फोटोग्राफर मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओत ते उभे राहिले. मान लांब, म्हणून ब्रॅडीने त्यांची कॉलर वर ओढायला लावली, असा किस्सा आहे. फोटोची कार्डं देशभर गेली आणि उंच-काटकुळा माणूस लोकांना भारदस्त नेता दिसू लागला. ब्रॅडी आणि त्या भाषणाने आपल्याला अध्यक्ष केलं, असं लिंकन म्हणाल्याचं सांगतात.

पुढे अशाच कार्डांनी लिंकन यांच्या खुन्याचाही माग काढला. एप्रिल १८६५ मध्ये जॉन विल्क्स बूथ आणि साथीदारांना पकडण्यासाठी १ लाख डॉलरच्या इनामाचं पोस्टर निघालं आणि त्यावर खरेखुरे फोटो चिकटवले होते! नट म्हणून बूथची कार्डं आधीच छापलेली होतीच. फॅन लोकांसाठी काढलेला चेहरा पोलिसांच्या कामी आला.

आणि बूथ मारला गेला तेव्हा त्याच्याजवळ काय सापडलं? पाच कार्डं, पाच बायकांची! चार नट्या आणि पाचवी लूसी हेल, एका सिनेटरची मुलगी आणि बूथची वाग्दत्त वधू.

भूत दिसलं? दाखवतो!

बॉस्टनचा विल्यम ममलर १८६० च्या दशकात भुतांची कार्डं विकू लागला. तुम्ही खुर्चीत बसा, मागे तुमचं गेलेलं माणूस धूसर उभं! युद्धात घरटी माणूस गेलेलं, त्यामुळे रांगा लागल्या. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला उभा राहिला. विरुद्ध साक्षीला कोण? सर्कसवाले पी. टी. बार्नम! बार्नमने तर आपल्या मागे लिंकनचं भूत उभं असलेला फोटो दुसऱ्या फोटोग्राफरकडून मुद्दाम काढून आणला, हे किती सोपं आहे ते दाखवायला. तरीही पुराव्याअभावी ममलर सुटला.

काही वर्षांनी काळ्या कपड्यांतल्या एक बाई त्याच्याकडे आल्या. त्या होत्या मेरी लिंकन. त्यांच्या कार्डावर मागे लिंकन उभे आहेत, हात त्यांच्या खांद्यांवर. ममलर लबाड होता. मेरीबाईंचं दुःख मात्र शंभर नंबरी खरं होतं.

फोटोवर पत्त्यांचा स्टँप

जुन्या अमेरिकन कार्डाच्या पाठीवर कधी कधी टॅक्सचा स्टँप दिसतो. युद्धाचा खर्च निघावा म्हणून १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोवरही टॅक्स होता. २५ सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंट, ५० सेंटपर्यंत ३ सेंट, डॉलरपर्यंत ५ सेंट.

फोटोसाठी वेगळा स्टँपच नव्हता, म्हणून फोटोग्राफर हाताला लागेल तो लावायचे. म्हणून काही आजोबांच्या पाठीवर चक्क ‘प्लेइंग कार्ड्स’ छापलेलं आहे! स्टँप रद्द करताना फोटोग्राफर सही आणि तारीख टाकायचे. आज संशोधक त्यावरूनच फोटोचं वय सांगतात. टॅक्सचाही असा रिटर्न मिळतो.

माझा चेहरा, माझी कमाई

आता जरा गंभीर. माहीत आहे का, सोजर्नर ट्रूथ कोण होत्या? गुलामीत जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि व्यासपीठावर उभ्या राहिल्या की सभा हलवून सोडणाऱ्या. त्या भाषणांच्या ठिकाणी आपली कार्डं विकत. फोटोत त्या पांढरी टोपी-शाल घालून विणकाम करत बसल्या आहेत, एखाद्या प्रतिष्ठित घरच्या आजीबाईंसारख्या.

खाली छापलेल्या ओळीचा आशय असा, की देहाच्या पोटापाण्यासाठी मी माझी सावली विकते. ज्यांचा देह एकेकाळी दुसऱ्यांनी विकला, त्यांनी १८६४ मध्ये आपल्या फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर घेतला. सलाम!

१८६३चं आणखी एक कार्ड. लुइझियानातून पळून सुटलेला गॉर्डन हा माणूस पाठमोरा बसलाय आणि सगळी पाठ चाबकाच्या वळांनी भरलेली. गुलामीची बाजू घेणाऱ्यांच्या लांबलचक युक्तिवादांना एवढंसं कार्ड पुरून उरलं. हातोहात, घरोघर ते फिरलं.

आणि एकोणिसाव्या शतकात सगळ्यात जास्त फोटो कोणत्या अमेरिकनाचे निघाले? लिंकन? चूक! गुलामीतून सुटलेले लेखक-वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे. त्यांचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो सापडले आहेत. काळ्या माणसाची टिंगल करणाऱ्या व्यंगचित्रांना त्यांनी ताठ मानेने, थेट कॅमेऱ्यातून उत्तर दिलं.

तीन पोरं आणि एक बाप

जुलै १८६३, गेटिसबर्ग. यादवी युद्धातली इथली लढाई संपली आणि एका सैनिकाचा मृतदेह सापडला. नाव नाही, पत्र नाही. हातात होता काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. मोठ्या मुलाच्या शर्टाचं कापड आणि बहिणीच्या झग्याचं कापड एकच!

फिलाडेल्फियाच्या डॉ. बर्न्स यांनी तो फोटो ताब्यात घेतला आणि त्याची कार्डं छापून घेतली. वर्तमानपत्रात तेव्हा फोटो छापता येत नसत, म्हणून १९ ऑक्टोबरला ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने मुलांचं नुसतं वर्णन छापलं. वयं, कपडे, कोण कुठे बसलंय ते. इतर पेपरांनी ते उचललं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टन या बाईने ते वाचलं. असाच फोटो तिने नवऱ्याला पाठवला होता. तिने कळवलं, उत्तरात कार्ड आलं आणि कार्डावर तिचीच तीन मुलं होती. फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेडरिक. सैनिकाला नाव मिळालं, सार्जंट एमस ह्युमिस्टन.

पुढे या मुलांच्या कार्डांच्या विक्रीतून पैसा उभा राहिला आणि १८६६ मध्ये गेटिसबर्गला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम सुरू झाला. फिलिंडा आणि तिची मुलंही तिथे राहायला गेली.

आपली मुंबई, फोटोत टॉप

आणि आपण? आपण मुळीच मागे नव्हतो! दिस्देरीला पेटंट मिळालं त्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भारतातली अशी पहिली! डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्यात. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत.

माहीत आहे का, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चक्क फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता? त्याच वर्गातून तयार झाले हरिचंद चिंतामण. मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक. त्यांनी काढलेली मुंबईकरांची चित्रं १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली. कार्ड पॅरिसहून मुंबईत आलं आणि मुंबईकर पॅरिसला गेले. हिशेब चुकता!

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे तर स्वतःच कॅमेरा चालवायचे आणि जनानखान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढायचे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. फोटोग्राफरही बाईच! १८९६ मध्ये त्यांचा स्टुडिओ मुंबईतही आला.

झटपट पाच, पटापट वाच

एक. चार्ल्स डार्विनला १८७७ मध्ये वाढदिवसाला काय मिळालं? नेदरलँड्समधल्या २१७ चाहत्यांच्या फोटोंचा अल्बम. त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञांनीही एक पाठवला. गिफ्ट असावं तर असं!

दोन. फ्रेंच कवी रँबोचा जगप्रसिद्ध फोटो एत्येन कार्जाने काढला. १८७२ मध्ये एका जेवणावळीत रँबोने त्यालाच गुप्तीने जखमी केलं. भडकलेल्या कार्जाने रँबोच्या काचा नष्ट केल्या म्हणतात. म्हणून मूळ प्रती मोजक्याच.

तीन. नेपोलियन सारोनीने १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला आणि एका कंपनीने त्याच्या ८५,००० नकला छापल्या. केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात! १८८४ मध्ये निकाल लागला, की फोटो हीसुद्धा निर्मिती आहे आणि तिला कॉपीराइट आहे. सगळ्या फोटोग्राफरांनो, थँक यू सारोनी म्हणा!

चार. दरोडेखोर बिली द किडचा फोटो कागदावर नाही, लोखंडी पत्र्यावर आहे. अशा फोटोत उजवं-डावं उलटं दिसतं, त्यामुळे बिली डावखुरा होता असं लोक वर्षानुवर्षं मानत राहिले. २०११ मध्ये त्या पत्र्याच्या तुकड्याचे आले २३ लाख डॉलर!

पाच. अमेरिकेतल्या मेन राज्यात एकाने जुन्या सामानाच्या ढिगात एक अल्बम घेतला. आत १८६५ चं ब्रुकलिन अ‍ॅटलांटिक्स या बेसबॉल टीमचं कार्ड. २०१३ मध्ये लिलावात ९२,००० डॉलर! रद्दीतून निघाला षटकार!

आता तुम्हीच डिटेक्टिव्ह

१८६६ मध्ये लंडनहून मोठं ‘कॅबिनेट कार्ड’ आलं, १०८ बाय १६५ मिलिमीटर. चेहरा मोठा, दिमाख मोठा. छोटं कार्ड हळूहळू मागे पडलं. मग १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी. स्टुडिओचे जिने चढायची गरजच संपली.

पण कार्डं अजून सापडतात, आणि ती बोलतात! पुठ्ठा पातळ आणि कोपरे चौकोनी असतील, तर बहुधा १८६०चं दशक. पुठ्ठा जाड, कोपरे गोल, तर पुढचं. पाठीवर स्टुडिओचं नाव साधं एका ओळीत असेल, तर जुनं. वेलबुट्टी, पदकं, झोकदार अक्षरं असतील, तर नंतरचं.

२०१७ मध्ये अशाच एका जुन्या अल्बममध्ये गुलामीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन सापडल्या. वर्तमानपत्रांनी आणि पुस्तकांनी त्यांना बहुतेक म्हातारपणीच दाखवलं होतं. इथे त्या चाळिशीच्या, खुर्चीत रुबाबात बसलेल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एका म्युझियमच्या साथीने तो अल्बम १ लाख ६१ हजार डॉलरना घेतला.

ही ओळख पटली, कारण अल्बममधल्या माणसांची नावं टिकली. बहुतेक कार्डांचं दुर्दैव हे, की पाठीवर स्टुडिओचं नाव, पत्ता, मिळालेली पदकं सगळं छापलंय, पण समोर बसलेली बाई कोण, ते कुठेच नाही. काढणाऱ्याला ठाऊक होतं, घरच्यांना ठाऊक होतं, लिहायचं मात्र राहून गेलं.

म्हणून एक काम आजच करा. कपाटावरचा, ट्रंकेतला, मामाकडचा, आत्याकडचा जुना फोटोंचा डबा उतरवा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि एकेक फोटो दाखवत विचारत जा. बॉलपेन नको, शाई उमटते. मऊ पेन्सिल घ्या आणि पाठीवर हलक्या हाताने लिहा, कोण, कुठलं गाव, कोणतं साल, कोणाच्या लग्नातलं. नावं न आठवणारे फोटो वेगळे ठेवा, ते दुसऱ्या नातेवाइकाला दाखवा. फोटोतली माणसं गप्प आहेत, पण त्यांची नावं सांगणारं माणूस अजून घरात आहे. विचारा त्यांना. आत्ताच!